वर्षाचा राष्ट्रीय बुद्धिबळपटू : निवडीचे निकष आणि त्यांच्या मर्यादा

(जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राज्य पुनर्रचनेपूर्वी, म्हणजे १९५६ पर्यंत, जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे सीमारेषा बदलल्या. तथापि विनोबांनी ‘संस्कारधानी’ म्हणून गौरविलेल्या या शहरातील मराठी कुटुंबांचा नागपूरशी असलेला संबंध तुटला नाही. त्यामुळे २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकरमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा त्याचा आनंद नर्मदेच्या काठीही तितकाच झाला असणार. अवघ्या १९ वर्षांच्या या खेळाडूला त्या विजेतेपदामुळे ग्रँडमास्टर हा किताबही मिळाला. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर ठरली.

अशा घटनेनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो : या वर्षाचा देशातील सर्वश्रेष्ठ बुद्धिबळपटू कोण? प्रश्न सोपा वाटतो. स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत तो एका गुणाचा असतो आणि त्याचे उत्तर चार पर्यायांपैकी एक असते. परंतु ते उत्तर कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या नियमाने ठरविले, याचा विचार केला की हा प्रश्न सार्वजनिक निर्णयप्रक्रियेचा होतो. पुरस्काराबरोबर मानधन येते, शासकीय सेवेतील संधी येते, पुरस्कर्ते येतात. मध्य प्रदेश शासनाचे ‘विक्रम’ व ‘एकलव्य’ पुरस्कार आणि महाराष्ट्र शासनाचा ‘शिवछत्रपती’ पुरस्कार यांच्याकडे खेळाडूंची कुटुंबे कोणत्या आशेने पाहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. जबलपूरने अक्षत खंपरिया यांच्यासारखा आंतरराष्ट्रीय मास्टर घडविला आहे. तेव्हा हा विषय या शहरालाही दूरचा नाही.

राष्ट्रीय विजेता म्हणजेच सर्वश्रेष्ठ?

सर्वांत जुना आणि सर्वांत सरळ निकष म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपद. वर्षातून एकदा देशातील खेळाडू एकत्र येतील, एकमेकांशी खेळतील आणि ज्याचे गुण अधिक तो श्रेष्ठ. यात समिती नाही, शिफारस नाही. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रातील एलुरू येथे झाली आणि गंमत अशी की, त्या पहिल्याच स्पर्धेने एक विजेता देण्यास नकार दिला. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले. पुढच्या काळात मॅन्युएल एरन यांनी हे अजिंक्यपद नऊ वेळा मिळविले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी बुद्धिबळातून एरन यांची निवड झाली. त्या निवडीवर वाद होण्याचे कारणच नव्हते. राष्ट्रीय विजेता आणि देशातील सर्वोत्तम खेळाडू या दोन्ही गोष्टी त्या वेळी एकच होत्या.

आज तसे राहिलेले नाही. विश्वनाथन आनंद यांनी ऐंशीच्या दशकात तीनदा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि नंतर जागतिक स्पर्धांकडे वळले. त्यानंतर दीर्घकाळ ते देशातील पहिल्या क्रमांकाचे खेळाडू होते, पण राष्ट्रीय विजेते मात्र दरवर्षी दुसरेच कोणी असे. जागतिक दर्जाच्या खेळाडूंचे वेळापत्रक युरोपातील निमंत्रित स्पर्धांभोवती आखले जाऊ लागले, तसतशी ही तफावत वाढत गेली. राष्ट्रीय स्पर्धेचे महत्त्व यामुळे संपत नाही. उदयोन्मुख खेळाडूसाठी ती आजही मोठी पायरी आहे. मात्र ‘वर्षाचा खेळाडू’ ठरविण्यासाठी ती पुरेशी नाही, हे मान्य करावे लागते.

गुणांकनाचे गणित

दुसरा निकष आकड्यांचा. अमेरिकेतील मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकविणारे अर्पाद एलो यांनी ही पद्धत विकसित केली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे ‘फिडे’ने, १९७० मध्ये ती स्वीकारली. तिचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. दोन खेळाडूंच्या गुणांकनातील फरकावरून त्यांच्या डावाचा अपेक्षित निकाल काढला जातो. फरक १०० गुणांचा असेल, तर वरच्या खेळाडूकडून एका डावात सरासरी ०.६४ गुणाची अपेक्षा धरली जाते. फरक २०० चा असेल, तर ०.७६ गुणाची. समजा, २६०० गुणांकनाच्या खेळाडूने २४०० च्या खेळाडूशी बरोबरी केली. त्याला मिळाला अर्धा गुण, अपेक्षा होती ०.७६ ची. उणे ०.२६ या फरकाला त्याच्यासाठी ठरलेल्या १० या गुणकाने गुणले की त्याचे गुणांकन २.६ ने घटते. न हरताही नुकसान होते ते असे. नवोदितांसाठी हा गुणक ४० असतो, म्हणून लहान मुलांचे गुणांकन झपाट्याने वर-खाली होते.

ही पद्धत निःपक्षपाती आहे, यात शंका नाही. पण ती सांगते काय? पुढच्या डावात काय घडण्याचा संभव आहे, एवढेच. सरलेल्या वर्षात खेळाडूने काय मिळविले, हा तिचा प्रश्नच नाही. जगज्जेतेपदाच्या लढतीतील निर्णायक डाव आणि एखाद्या खुल्या स्पर्धेतील तिसऱ्या फेरीचा डाव तिच्या लेखी समान असतात. १ जुलै १९८६ च्या यादीत आनंद यांनी मुंबईच्या प्रवीण ठिपसे यांना मागे टाकून देशात पहिला क्रमांक घेतला. तो त्यांच्याकडे तब्बल ३७ वर्षे राहिला आणि १ सप्टेंबर २०२३ च्या यादीत डी. गुकेशने त्यांना मागे टाकले. केवळ गुणांकनावर निवड झाली असती, तर या ३७ वर्षांत देशातील दुसऱ्या कोणत्याही बुद्धिबळपटूला हा मान कधीच मिळाला नसता. ठिपसे यांनी १९८५ मध्ये राष्ट्रकुल अजिंक्यपद मिळविले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांना १९८४ चा अर्जुन पुरस्कार आधीच मिळाला होता. १९९७ मध्ये ते ग्रँडमास्टर झाले; त्यांच्याआधी देशात केवळ आनंद आणि दिब्येंदु बारुआ हे दोघेच ग्रँडमास्टर होते. अशा कर्तृत्वाची नोंद आकड्यांच्या एका स्तंभात मावत नाही.

जाणकारांचे मत

मग जाणकारांनाच का विचारू नये? जागतिक पातळीवर हा प्रयोग दीर्घकाळ झाला. स्पॅनिश पत्रकार जॉर्डी पुइग यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये ‘चेस ऑस्कर’ सुरू झाले. बुद्धिबळावर लिहिणारे विविध देशांतील पत्रकार मते देत आणि त्यातून वर्षाचा खेळाडू निवडला जाई. पहिला मान डेन्मार्कच्या बेंट लार्सनला मिळाला. १९८८ नंतर हा उपक्रम थांबला. १९९५ पासून रशियातील ‘६४’ या नियतकालिकाने तो पुन्हा चालविला आणि २०१३ च्या निवडीनंतर तोही बंद पडला. आनंद यांना हा सन्मान सहा वेळा लाभला : १९९७, १९९८, २००३, २००४, २००७ आणि २००८. यातील २००३ आणि २००४ ही वर्षे पाहण्यासारखी आहेत. त्या वेळी गुणांकनाच्या यादीत गॅरी कास्पारोव्ह अग्रस्थानी होता, तरीही मतदारांनी आनंद यांना निवडले. म्हणजे वर्षभरातील प्रत्यक्ष कामगिरी आणि साठलेली पत यांत फरक करण्याचे भान त्या पत्रकारांना होते. या पद्धतीचे बळ ते हेच. तिचा दुबळेपणाही उघड आहे : शासन ज्यासाठी सार्वजनिक निधी देते, त्या सन्मानाचा निर्णय नुसत्या पसंतीवर सोडता येत नाही. कारण द्यावे लागते.

पदकांचे कोष्टक

भारतातील राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार हे कारण पदकांमध्ये शोधतात. अर्जुन पुरस्कारासाठी लगतच्या चार वर्षांतील सातत्यपूर्ण कामगिरी आणि त्याबरोबर नेतृत्व, खिलाडूवृत्ती व शिस्त हे गुण विचारात घेतले जातात. १९९१-९२ मध्ये सुरू झालेला खेलरत्न पुरस्कार हा त्याहून वरचा. तो पहिल्याच वर्षी विश्वनाथन आनंद यांना मिळाला, ही गोष्ट बुद्धिबळासाठी भूषणाची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये या पुरस्काराला मेजर ध्यानचंद यांचे नाव देण्यात आले. २०२० मध्ये खेलरत्नची रक्कम २५ लाख आणि अर्जुन पुरस्काराची १५ लाख रुपये झाली. पूर्वी नावे प्रामुख्याने क्रीडा संघटनांकडून येत. अलीकडे खेळाडूला स्वतः अर्ज करण्याची सोय झाली आहे. निवड समितीच्या अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायमूर्ती असतात. २०२३ च्या समितीचे अध्यक्ष न्या. अजय खानविलकर होते.

गुणदानात मोठा वाटा पदकांना आणि लहान वाटा समितीच्या विवेकाला, अशी या पद्धतीची रचना आहे. ऑलिम्पिक, आशियाई क्रीडा स्पर्धा, राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा आणि जागतिक अजिंक्यपद यांतील पदकांना वजन असते. धावपटूसाठी किंवा कुस्तीगिरासाठी हे कोष्टक योग्यच आहे. बुद्धिबळाची मात्र येथे अडचण होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ‘फिडे’ला १९९९ मध्ये मान्यता दिली असली, तरी बुद्धिबळ ऑलिम्पिकमध्ये नाही. ‘बुद्धिबळ ऑलिम्पियाड’ ही दर दोन वर्षांनी होणारी स्वतंत्र सांघिक स्पर्धा आहे. परीक्षार्थींनी या दोन नावांत गोंधळ करू नये. आशियाई क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळ २००६ मध्ये दोहा येथे आले. तेथे हम्पीने वैयक्तिक सुवर्ण मिळविले आणि भारताने मिश्र सांघिक सुवर्णही जिंकले. २०१० च्या ग्वांगझूमध्येही हा खेळ होता. त्यानंतर २०१४ चे इंचॉन आणि २०१८ चे जकार्ता या दोन्ही स्पर्धांतून तो वगळला गेला. तो परतला तो हांगझूमध्ये, २०२३ साली. तेथे भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी रौप्यपदके मिळविली.

आता अर्जुन पुरस्कारांची यादी यासमोर ठेवून पाहावी. २०१३ मध्ये अभिजित गुप्ताला पुरस्कार मिळाला. त्यानंतर बुद्धिबळातील पुढचा अर्जुन पुरस्कार थेट २०२२ चा. मधली आठ वर्षे कोरी! त्या वर्षांत भारतात बुद्धिबळ खेळले जात नव्हते काय? २०१४ च्या ट्रॉम्सो ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या खुल्या गटातील संघाने कांस्यपदक जिंकले. त्या गटातील ते भारताचे पहिलेच पदक. पद्मिनी राऊतने २०१४ पासून सलग चार वर्षे महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद राखले. २०२० मध्ये नाशिकच्या विदित गुजराथीच्या नेतृत्वाखाली भारत ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये रशियासह संयुक्त विजेता ठरला. गोव्याच्या भक्ती कुलकर्णीने २०१६ मध्ये आशियाई महिला अजिंक्यपद मिळविले. तिचा अर्जुन पुरस्कार २०२२ चा आहे, म्हणजे आशियाई विजेतेपदानंतर सहा वर्षांनी; त्याच वर्षी आर. प्रज्ञानंदचाही गौरव झाला. या कोऱ्या वर्षांमागे एकच कारण होते असे म्हणणे घाईचे ठरेल. परंतु ज्या कोष्टकात आशियाई स्पर्धेचा रकाना आहे, त्यात तो रकाना आठ वर्षे रिकामा राहिलेल्या खेळाचे खेळाडू मागे पडणार, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. येथे कोणा अधिकाऱ्याची चूक शोधण्याचे कारण नाही. नियम सर्वांना सारखा होता, पण त्याचा परिणाम सर्वांवर सारखा झाला नाही. लोकप्रशासनाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

महिला खेळाडू : एक यादी की दोन?

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग येथे आहे. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये बंगळूरू येथे झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन कन्यांनी या स्पर्धेच्या पहिल्या दशकावर आपले वर्चस्व ठेवले. जयश्री १९७९ मध्ये भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर ठरली. रोहिणी हिने १९७६ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरली. त्यावर गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी ‘फिडे’चे तत्कालीन अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनी महिलांना कोणत्याही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय दिला. एका शाळकरी मुलीमुळे जगभराचा नियम स्पष्ट झाला. रोहिणीला १९८० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे १९८१ मध्ये ती आशियाई विजेती झाली. तिच्यानंतर भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनी प्रत्येकी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि दोघींनाही अर्जुन पुरस्कार लाभला. अनुपमा यांचे पती व प्रशिक्षक रघुनंदन गोखले यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला होता.

बुद्धिबळात खुला गट सर्वांना खुला आहे आणि महिलांसाठी त्याखेरीज वेगळा गट आहे. मग वर्षाचा खेळाडू एक निवडावा की दोन? एकच निवडला, तर खुल्या गटातील उच्च गुणांकनाखाली महिलांची कामगिरी झाकली जाण्याचा धोका राहतो. दोन निवडले, तर महिलांना पुन्हा वेगळ्या दालनात बसविल्यासारखे होते आणि ज्या भेदाविरुद्ध तेरा वर्षांची रोहिणी उभी राहिली, तोच मागच्या दाराने परत येतो. अर्जुन पुरस्काराची यादी एकच असते, हे अधिक योग्य वाटते. मात्र तीतही नवे पेच उद्भवतात. २०२३ मध्ये आइल ऑफ मॅन येथील ‘ग्रँड स्विस’ स्पर्धेत खुल्या गटात विदित गुजराथी आणि महिला गटात आर. वैशाली हे दोघे विजेते ठरले. दोघांनीही २०२४ च्या ‘कँडिडेट्स’ स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या स्पर्धेत, स्थान मिळविले. दोघेही हांगझूच्या रौप्यविजेत्या संघांत होते. २०२३ च्या अर्जुन पुरस्कारांत बुद्धिबळातील नाव मात्र एकच होते : वैशाली. तिची निवड सर्वार्थाने उचित होती. प्रश्न तिच्या निवडीचा नाही, इतक्या समान वर्षांतून एक नाव कोणत्या गुणांच्या फरकाने पुढे आले, ते बाहेरच्या वाचकाला समजत नाही याचा आहे.

सन २०२४ : कसोटीचे वर्ष

या सर्व निकषांची खरी परीक्षा २०२४ मध्ये झाली. २२ सप्टेंबर रोजी बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला, अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक जिंकले. महिला संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते. त्यांना २०२१ चा ध्यानचंद जीवनगौरव पुरस्कार मिळालेला आहे. (हा पुरस्कार पुढे बंद होऊन २०२४ मध्ये त्याच्या जागी ‘अर्जुन जीवनगौरव’ आला आणि तो मुरलीकांत पेटकर यांनाही मिळाला, ही नोंद परीक्षेच्या दृष्टीने उपयोगी.) वैयक्तिक सुवर्णपदके चौघांना मिळाली : पहिल्या पटावर गुकेश, तिसऱ्या पटावर अर्जुन एरिगैसी, महिलांत तिसऱ्या पटावर दिव्या देशमुख आणि चौथ्या पटावर वंतिका अग्रवाल. दिव्याने त्याच वर्षी मुलींचे जागतिक कनिष्ठ अजिंक्यपदही जिंकले होते. अर्जुनने ११ पैकी १० गुण मिळविले आणि १ डिसेंबरच्या यादीत २८०१ गुणांकन गाठले. आनंद यांच्यानंतर ही सीमा ओलांडणारा तो दुसरा भारतीय. १२ डिसेंबर रोजी सिंगापूरमध्ये गुकेश डिंग लिरेनला ७.५ विरुद्ध ६.५ असे हरवून अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. वर्ष संपता संपता, न्यूयॉर्कमध्ये हम्पीने जलद बुद्धिबळाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले.

गुणांकनाचा निकष लावला, तर २०२४ चा खेळाडू अर्जुन. अजिंक्यपदाचा लावला, तर गुकेश. जलद प्रकाराला समान मान दिला, तर हम्पीचा दावाही दुर्लक्षिता येत नाही. शासनाने खेलरत्नसाठी गुकेशची आणि अर्जुन पुरस्कारासाठी वंतिकाची निवड केली. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात पुरस्कार प्रदान झाले. गुकेशच्या निवडीविषयी दुमत संभवत नाही. सर्वाधिक गुणांकन असलेला खेळाडू मागे राहतो आणि तरीही निवड योग्य असते, याचे कारण चौदा डावांच्या लढतीत, शेवटच्या डावातील एका चुकीचा अचूक लाभ घेण्यासाठी जे धैर्य लागते, ते कोणत्याही सरासरीत उतरत नाही.

इतर खेळांसाठी घडविलेल्या कोष्टकात बुद्धिबळ बसविताना दोन-तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. ऑलिम्पियाडचे सांघिक आणि पटानुसार मिळणारे वैयक्तिक पदक, विश्वचषक, ग्रँड स्विस आणि कँडिडेट्स या स्पर्धांचे वजन आधीच जाहीर करावे. एखाद्या बहुविध क्रीडा स्पर्धेत हा खेळ नसेल, त्या वर्षी त्या रकान्याचे गुण इतरत्र वाटावेत. आणि अंतिम यादीबरोबर प्रत्येक निवडलेल्या खेळाडूचे पदकांपुरते गुण प्रसिद्ध करावेत. समितीचा विवेक गोपनीय राहिला तरी चालेल. पदकांची बेरीज मात्र गोपनीय असण्याचे कारण नाही. नाशिकमधील किंवा जबलपूरमधील एखादा पंधरा वर्षांचा खेळाडू पुढची चार वर्षे कोणत्या स्पर्धा खेळायच्या हे ठरवितो, तेव्हा प्रवासाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च त्याचे पालक करीत असतात. त्यांना तो तक्ता आधी हवा असतो, निकालानंतर नव्हे.